मानसिक आघातातून सावरणाऱ्या प्रौढ व्यक्तींसोबत काम करताना : समुपदेशकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मानसिक आघात सोसलेली प्रौढ व्यक्ती समुपदेशकाकडे येते, तेव्हा ती बहुतेक वेळा आघाताची तक्रार घेऊन येत नाही. झोप लागत नाही, राग आवरत नाही, कामात लक्ष नाही, घरच्यांशी बोलणे कमी झाले आहे, दारूचे प्रमाण वाढले आहे, असे काहीतरी ती सांगते. मूळ घटना कधी तिसऱ्या-चौथ्या सत्रात, तर कधी कित्येक महिन्यांनी बोलण्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी आघात घडवू शकेल असा प्रसंग येतो. मात्र पीटीएसडी, म्हणजेच आघातोत्तर तणाव विकार, आयुष्यात कधीतरी झालेल्यांचे प्रमाण जगाच्या लोकसंख्येत अंदाजे ३.९ टक्के आहे. या दोन आकड्यांमधले अंतर समुपदेशकाने मनात पक्के ठेवावे. बहुसंख्य माणसे वेळ, आधार आणि सुरक्षित परिस्थिती मिळाली की सावरतात. ज्यांचे सावरणे कुठेतरी अडले आहे, त्यांच्या वाटेतला अडसर शोधणे आणि तो त्यांच्याच गतीने दूर करण्यास मदत करणे हे आपले काम आहे.

या कामात दोन चुका वारंवार घडतात. पहिली सर्वांना ठाऊक आहे : ओळख होण्याआधीच घटनेचा तपशील विचारणे. दुसरीबद्दल फारसे बोलले जात नाही, आणि ती म्हणजे ‘अजून तयारी झालेली नाही’ या सबबीखाली मूळ घटनेला कधीच हात न घालणे. दोन्ही चुकांच्या मुळाशी समुपदेशकाची स्वतःची अस्वस्थता असते. माझ्या मते या कामाचे सूत्र असे असावे की गती समोरच्या व्यक्तीच्या हाती राहील आणि दिशेची जबाबदारी समुपदेशकाची असेल. पुढचे सगळे टप्पे या सूत्राला धरून आहेत.

पहिली भेट : निवड परत देणे

आघाताच्या क्षणी व्यक्तीच्या हातून नियंत्रण हिरावून घेतलेले असते. त्यामुळे पहिल्या भेटीतल्या अगदी लहानसहान गोष्टींतही निवड तिच्याकडे सोपवणे हा उपचाराचाच भाग ठरतो. कुठल्या खुर्चीवर बसायचे, दार पूर्ण लावायचे की किंचित उघडे ठेवायचे, दिवा किती प्रखर हवा, हे विचारून घ्यावे. पाठ दाराकडे असणे अनेकांना सहन होत नाही. म्हणून दार नजरेसमोर राहील अशी एक तरी जागा खोलीत असावी.

त्यानंतर गोपनीयता आणि तिच्या मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलांवर अत्याचार होत असतील, किंवा आपापल्या ठिकाणच्या कायद्याने माहिती देणे बंधनकारक असेल, तर काय होईल, हे आधीच सांगितलेले बरे. मोकळेपणाने बोलून झाल्यावर ही मर्यादा कळली, तर ती व्यक्तीला विश्वासघातासारखी लागते.

याच भेटीत एक गोष्ट आवर्जून सांगावी : “काय घडलं ते सगळं मला सांगायलाच हवं, असं नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगा, किंवा नुसता हात वर करा, मी थांबेन.” आणि व्यक्तीने हात वर केला की खरोखरच थांबावे. पहिल्यांदा हात वर झाल्यावर समुपदेशक काय करतो, यावर पुढचा बराच विश्वास अवलंबून असतो.

मूल्यमापन : काय विचारावे, किती विचारावे

सर्वांत आधी पाहायचे ते हे, की धोका संपला आहे का. व्यक्ती आजही मारहाण करणाऱ्या माणसाबरोबर राहत असेल, तर तिची भीती आणि सततची सावधता ही लक्षणे नसून तिचे संरक्षण आहे, आणि ती कमी करण्याचा प्रयत्न करणे घातक ठरू शकते. अशा वेळी सुरक्षिततेची योजना प्रथम येते : अडचणीच्या वेळी कुठे जायचे, कोणाला फोन करायचा, कागदपत्रे आणि थोडे पैसे कुठे ठेवायचे, मुलांना काय सांगायचे. भेटीच्या वेळेचा संदेश फोनवर पाठवलेला चालेल का, तो फोन दुसरे कोणी पाहते का, हेही विचारून घ्यावे. हिंसा करणाऱ्या जोडीदाराला त्याच खोलीत बसवून संयुक्त सत्र घेऊ नये; तिथे बोललेल्या शब्दांची किंमत घरी मोजावी लागते.

आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी सरळ विचारल्याने अनेकांना सुटल्यासारखे वाटते. विचार आहेत का, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, हे चार प्रश्न शांत आवाजात विचारता आले पाहिजेत. धोका मोठा असेल, तर मनोविकारतज्ज्ञ आणि तातडीची सेवा यांच्याशी त्याच दिवशी संपर्क साधावा. व्यसन, स्वतःला इजा करण्याची सवय, डोक्याला झालेली जुनी दुखापत, सध्या चालू असलेली औषधे यांचीही नोंद घ्यावी.

लक्षणांसाठी पीसीएल-५ ही प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्यात गेल्या महिन्याभरातील त्रासाविषयी २० प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण दिले जातात, आणि एकूण ८० पैकी ३१ ते ३३ किंवा त्याहून अधिक गुण आले तर पीटीएसडीची शक्यता तपासून पाहावी असे मानले जाते. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. पण दर दोन-तीन आठवड्यांनी भरून घेतली, तर आपले काम उपयोगी पडते आहे की नाही हे प्रामाणिकपणे कळते. पीटीएसडी हे निदान १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रथम आले. जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले आणि त्यात गुंतागुंतीच्या पीटीएसडीला स्वतंत्र स्थान मिळाले. लहानपणी दीर्घकाळ अत्याचार सोसलेल्यांमध्ये नेहमीच्या लक्षणांखेरीज भावना आवरणे अवघड जाणे, आपण तुच्छ आहोत असे सतत वाटणे आणि नाती टिकवताना होणारी ओढाताण ही तीन दुखणी दिसतात. त्यांच्यासाठी वेळ अधिक लागतो, आणि तसे सुरुवातीलाच सांगणे योग्य.

या टप्प्यावर घटनेचे फक्त शीर्षक पुरेसे असते : अपघात, हल्ला, लैंगिक अत्याचार, युद्ध, जवळच्या व्यक्तीचा आकस्मिक मृत्यू. घटना कधी झाली, एकदा की अनेकदा, एवढे कळले तरी पुढची आखणी करता येते. आठवणीत रिकाम्या जागा असतील, तर त्या भरण्याचा खटाटोप करू नये. ‘तेव्हा तुमचे वडीलही तिथे असतील ना?’ यासारखा सूचक प्रश्न मनात नसलेली आठवण निर्माण करू शकतो. माणसाची स्मृती सूचनेने बदलते, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलेले आहे. म्हणून हरवलेली आठवण खणून काढण्याच्या नादी कधीही लागू नये.

घटना नुकतीच, म्हणजे काही दिवसांपूर्वीच घडलेली असेल, तर हे सगळे मूल्यमापन बाजूला ठेवावे. एकाच बैठकीत सर्वांना घटनेचा तपशील बोलायला लावण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. तिने पीटीएसडी टळत नाही असे आढळल्यामुळे आता तिची शिफारस केली जात नाही. त्या दिवसांत निवारा, झोप, माहिती, जवळची माणसे आणि ऐकणारे कोणीतरी, एवढे पुरवावे.

समजावून सांगणे

अनेक व्यक्तींना सर्वाधिक छळणारा प्रश्न असतो, ‘मी वेडी तर होत नाही ना?’ किंवा ‘त्या वेळी मी प्रतिकार का केला नाही?’ याचे उत्तर शरीराच्या भाषेत द्यावे. धोक्याच्या क्षणी मेंदूतील अमिग्डाला हा भाग विचाराच्या आधी शरीराला हुकूम देतो. तो हुकूम लढण्याचा असतो, पळण्याचा असतो आणि सुटकेचा मार्ग नसेल तेव्हा गोठून जाण्याचाही असतो. गोठणे हा निर्णय नव्हे, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. प्रसंगाला ‘हे तेव्हा घडले, आता नाही’ अशी काळाची खूण लावण्यात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा वाटा असतो, आणि तीव्र तणावात ते काम बिघडते; त्यामुळे एखादा वास, आवाज किंवा तारीख पुरेशी होते आणि शरीर पुन्हा त्या क्षणात जाते. हे सांगताना व्याख्यान देऊ नये. दहा मिनिटे पुरतात, आणि शेवटी “यातलं तुमच्या बाबतीत काय जुळतं?” असे विचारले की व्यक्ती स्वतःचे उदाहरण देऊ लागते.

स्थैर्य : शरीराला ‘आज’मध्ये आणणे

समजा, एक स्त्री लहानपणच्या घराविषयी बोलते आहे. वाक्य अर्ध्यावर असताना तिचा आवाज सपाट होतो, नजर कोपऱ्यातल्या एका बिंदूवर खिळते, प्रश्नाचे उत्तर यायला उशीर लागतो आणि हाताची बोटे आखडतात. नवखा समुपदेशक या शांततेला चिंतन समजतो आणि वाट पाहत राहतो. प्रत्यक्षात ती त्या खोलीत राहिलेली नसते. अशा वेळी घटनेविषयीचे सगळे प्रश्न थांबवावेत. नेहमीपेक्षा किंचित मोठ्या, स्वच्छ आवाजात तिचे नाव घ्यावे आणि सांगावे, “तुम्ही आत्ता माझ्या खोलीत आहात. आज मंगळवार आहे. दोन्ही पायांनी जमीन दाबून बघा. समोरच्या कपाटात निळ्या रंगाचं काय काय दिसतंय, मला सांगा.” डोळे मिटायला सांगू नये, त्याने ती अधिक खोल जाते. न विचारता हात लावू नये. गार पाण्याचा पेला हातात देता येतो, उभे राहून दोन पावले चालता येते. नजर परत आली, उत्तरे वेळेवर येऊ लागली की मगच विचारावे, “काय झालं असं वाटतं? सुरुवात कुठे झाली?” त्या दिवशी पुन्हा त्याच विषयाकडे वळायचे की नाही, हे तिने ठरवावे, सत्राची वेळ संपत आली असेल तर मात्र वळूच नये.

अशा प्रसंगाची वाट न पाहता ही कौशल्ये शांत मनःस्थितीत शिकवून घरी सराव करायला द्यावीत. पाच दिसणाऱ्या, चार स्पर्श होणाऱ्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वासाच्या आणि एक चवीची गोष्ट ओळखणे हा व्यायाम बहुतेकांना जमतो. श्वासाच्या बाबतीत आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे लांबवावे, उदाहरणार्थ चार आकडे आत आणि सहा आकडे बाहेर. मात्र ज्यांचा गळा दाबला गेला होता किंवा ज्यांना गुदमरल्याचा अनुभव आहे, त्यांना श्वासाकडे लक्ष देणेच भयावह वाटते. त्यांच्यासाठी पाय, हात आणि दृष्टी यांचे व्यायाम निवडावेत. एकच तंत्र सर्वांना देण्याचा आग्रह धरू नये.

झोपेकडे स्वतंत्रपणे पाहावे. वारंवार पडणारे दुःस्वप्न दिवसा, जागेपणी लिहून काढायचे, त्याचा शेवट किंवा मधला भाग हवा तसा बदलायचा आणि तो बदललेला प्रसंग रोज दहा ते वीस मिनिटे मनात पाहायचा, ही पद्धत अनेकांना उपयोगी पडते. सुरुवात सर्वांत भीषण स्वप्नाने करू नये. औषधांचा विचार मनोविकारतज्ज्ञांनी करायचा असतो. तरी आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्रास कमी करण्यासाठी प्रौढांना बेंझोडायझेपिन गटातील (चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या) गोळ्या देऊ नयेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची शिफारस आहे, हे समुपदेशकाला माहीत असावे. कोणी अशा गोळ्या घेत असेल, तर त्या अचानक बंद करण्याचा सल्ला मात्र देऊ नये.

हा टप्पा किती काळ चालावा? व्यक्तीला अस्वस्थतेतून परत येता येते, जिवाला तातडीचा धोका नाही आणि ती सत्रांना येत राहते आहे, इतके झाले की पुढे जाण्याची चर्चा सुरू करावी. लक्षणे संपण्याची वाट पाहू नये, कारण आठवणीला स्पर्श केल्याशिवाय ती बहुधा संपत नाहीत.

आठवणीवर काम

यासाठी पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण हवे; ते नसेल तर इथवर आणून प्रशिक्षित सहकाऱ्याकडे पाठवणे हेच जबाबदारीचे ठरते. एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या दीर्घ सामोरे जाण्याच्या पद्धतीत साधारण ८ ते १५ सत्रे असतात. व्यक्ती प्रसंग वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगते, त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकते आणि टाळलेल्या पण प्रत्यक्षात सुरक्षित असलेल्या ठिकाणी हळूहळू जाऊ लागते. पॅट्रिशिया रेझिक यांच्या विचारप्रक्रियेवर आधारित पद्धतीत सुमारे १२ सत्रांत घटनेतून तयार झालेले ताठर समज तपासले जातात. फ्रान्सीन शपिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या ईएमडीआर या पद्धतीत आठवण मनात धरून डोळ्यांची डावी-उजवी हालचाल केली जाते.

इथे एक गोष्ट अनेकांना दिलासा देणारी आहे. रेझिक आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात घटनेचे सविस्तर लेखन वगळून केवळ समजांवर काम केलेल्या गटातही चांगली सुधारणा झाली. म्हणजे प्रत्येक तपशील उच्चारल्याशिवाय बरे होताच येत नाही, असे नाही. व्यक्तीपुढे दोन-तीन मार्ग ठेवावेत, प्रत्येकात काय करावे लागेल हे सांगावे आणि निवड तिला करू द्यावी.

सत्राची रचना ठरलेली असावी : आरंभी आठवडा कसा गेला आणि धोका आहे का याची विचारपूस, मधला वेळ अवघड कामाला, आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटे परत येण्यासाठी. ० ते १० या मापावर अस्वस्थता किती आहे, हे अधूनमधून विचारावे. पहिल्या काही सत्रांत त्रास थोडा वाढू शकतो, ही पूर्वकल्पना दिलेली नसेल, तर नेमक्या त्याच आठवड्यात व्यक्ती येणे बंद करते.

अपराधभाव आणि लाज

भीती सरावाने ओसरते. अपराधभाव मात्र चिवट असतो. एक गृहस्थ आपल्या गाडीत भावाला घेऊन निघाले होते आणि अपघातात भाऊ गेला. ते म्हणतात, “मीच त्याला त्या रस्त्यानं नेलं.” इथे “तुमची काही चूक नव्हती” असे चटकन म्हणण्याचा मोह होतो. हे वाक्य त्यांनी नातेवाइकांकडून असंख्य वेळा ऐकलेले असते आणि त्याने बोलणे तिथेच संपते. त्याऐवजी विचारावे, “तो रस्ता निवडताना मनात काय होतं?” ते म्हणतात, “लवकर पोचायचं होतं. त्याला बरं वाटत नव्हतं.” “पुढे ट्रक उलटलेला आहे, हे तेव्हा ठाऊक होतं?” “नाही.” “मग जे आज माहीत आहे, ते त्या दिवशीच माहीत असायला हवं होतं, असं धरून चाललोय का आपण?” यावर उत्तर लगेच येत नाही, आणि ते येईपर्यंत समुपदेशकाने गप्प बसावे. पुढच्या सत्रात तोच गृहस्थ कदाचित म्हणेल, “माझी चूक नाही म्हटलं, तर मग त्याच्या जाण्याला काही कारणच उरत नाही.” हा खरा गाभा आहे. स्वतःला दोषी धरल्याने जग निदान नियमाने चालते असे वाटते; दोष सोडला की असहायता आणि शोक समोर येतात. म्हणून अपराधभाव सैल होऊ लागला की शोकासाठी जागा आणि वेळ राखून ठेवावा लागतो.

काही वेळा चूक खरोखरच झालेली असते. दारू पिऊन गाडी चालवलेली असते, युद्धात हातून कोणाचा जीव गेलेला असतो. तिथे खोटे अभय देणे अपमानकारक ठरते. नेमका वाटा किती, इतरांचा आणि परिस्थितीचा किती, आणि आता भरपाई म्हणून काय करता येईल, या दिशेने बोलावे.

लाज ही याहून वेगळी असते. अपराधभाव म्हणतो, ‘मी वाईट केले’. लाज म्हणते, ‘मी वाईट आहे’. लैंगिक अत्याचारानंतर ती विशेष खोल असते, आणि अत्याचाराच्या वेळी शरीराने दिलेल्या प्रतिसादाविषयी पुरुष आणि स्त्रिया दोघेही वर्षानुवर्षे मौन पाळतात. शरीराचा प्रतिसाद म्हणजे संमती नव्हे, हे समुपदेशकाने न संकोचता, स्वतःहून आणि साध्या शब्दांत सांगावे. व्यक्तीने विचारण्याची वाट पाहू नये. समुपदेशकाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी किळस किंवा दया उमटली, तर ती लगेच टिपली जाते.

घरची माणसे आणि रोजचे आयुष्य

व्यक्तीची संमती असेल, तर घरच्या एखाद्या माणसासोबत एक-दोन भेटी घ्याव्यात. मागून अचानक हात ठेवू नये, झोपेतून दुरून हाक मारून उठवावे, ‘विसरून जा’ म्हणू नये, अशा साध्या सूचनांनी घरातला ताण खूप कमी होतो. घटनेचा तपशील कोणाला किती सांगायचा, हे मात्र व्यक्तीच ठरवेल. याच काळात सुटलेले छंद, मित्र, काम आणि शरीराशी असलेले नाते हळूहळू परत आणावे. आठवड्याला एक लहान, ठरवलेली कृती पुरे.

समुपदेशकाची स्वतःची काळजी

असे अनुभव सतत ऐकणाऱ्याच्या मनावरही परिणाम होतो. घरी गेल्यावर दुसऱ्याच्या घटनेची दृश्ये डोळ्यांपुढे येणे, एखाद्या व्यक्तीचे सत्र रद्द झाल्यावर हायसे वाटणे, किंवा सत्राबाहेरही तिला वाचवण्याची धडपड करणे, ही त्याची चिन्हे आहेत. नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी सहकाऱ्यासोबत आपल्या कामाची चर्चा, आणि एका दिवशी आघाताची किती सत्रे घ्यायची याची मर्यादा या दोन गोष्टी ऐच्छिक मानू नयेत. समोरची व्यक्ती तयार असूनही आपणच विषय टाळत आहोत का, हा प्रश्न सुपरव्हिजनमध्ये दर महिन्याला विचारला जावा.

शेवटची सत्रे

शेवट अचानक करू नये, कारण आघातग्रस्त व्यक्तींना आकस्मिक दुराव्याचा अनुभव आधीच असतो. निदान तीन-चार सत्रे आधी तारीख एकत्र ठरवावी आणि भेटींमधले अंतर हळूहळू वाढवावे. पीसीएल-५ चे पहिले आणि आताचे गुण शेजारी ठेवून पाहावेत. मग एका कागदावर व्यक्तीने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे : मला अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी, त्या वेळी उपयोगी पडणारे उपाय, ज्यांना हाक मारता येईल अशी माणसे, आणि पुन्हा मदत घ्यावी लागेल अशी चिन्हे. घटनेचा वार्षिक दिवस, न्यायालयातील साक्ष, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा आपले मूल आपल्या तेव्हाच्या वयाचे होणे, अशा प्रसंगी त्रास परत डोके वर काढू शकतो; कागदावर या तारखा आणि प्रसंगही लिहून ठेवावेत. सलग दोन आठवडे झोप उडाली, पुन्हा टाळाटाळ सुरू झाली, तर फोन करावा. आत्महत्येचे विचार आले तर मात्र दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी मदत मागावी. पहिली पाठपुरावा भेट एका महिन्याने आणि दुसरी तीन महिन्यांनी, अशा दोन्ही तारखा शेवटच्या सत्रातच नोंदवून घ्याव्यात.